टिटवी कोणासाठी ओरडते?

आपल्या घरांतून देव गेले. देव्हारे गेले, अंगारे-धुपारे गेले, भगताला द्यावयाचे कोंबडे आणि नारळ गेले. ज्या दिवशी आपण त्रिसरण-पंचशील घेतले त्या दिवशी ही सारी अडगळ आपण घराबाहेर काढली आणि भिंतीवर भगवान बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर लावली. हे खरे आहे आणि अभिमान वाटावा असेच आहे. परंतु आज मी आपणांस एक साधा प्रश्न विचारणार आहे. रात्री बाराच्या सुमारास घरामागच्या पडीत टिटवी ओरडू लागली, तर आपल्या छातीत काय होते? आणि त्या वेळी घरात कोणी आजारी असेल तर?

माझे उत्तर मी आधी देतो. माझ्या छातीत धस्स होते. आता मी सत्तरीला टेकलो आहे. सारी हयात मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवले, अंधश्रद्धेवर व्याख्याने दिली, विहारात दर पौर्णिमेला बोललो. तरीही टिटवी ओरडली की क्षणभर माझा हात थांबतो. मग मी स्वतःला समजावतो. परंतु आधी धस्स होते, समजूत मागाहून येते. हा क्रम मला लपवावयाचा नाही.

आपल्यापैकी पुष्कळांचे असेच असणार. घराच्या आढ्यावर पिंगळा बसला तर आपण त्याला हुसकावतो. घुबडाचे नाव मुलांसमोर घेत नाही. भारद्वाज दिसला की मात्र खूश होतो आणि परीक्षेला निघालेल्या मुलाला मुद्दाम थांबवून दाखवतो. यात काय वाईट, असे आपण म्हणाल. वाईट हे की शुभशकुन हाही शकुनच असतो. ज्याने भारद्वाजाचा आनंद ठेवून घेतला त्याने टिटवीची भीतीही ठेवून घेतली. ही नाण्याची एकच बाजू कोणाला ठेवता येत नाही. देव्हारा उचलून गावाबाहेर नेता येतो. झाडावरचा पिंगळा आपण कोठे नेऊन ठेवणार? म्हणून देव गेले तरी पाखरे राहिली, आणि त्यांच्याबरोबर त्यांना चिकटवलेले अर्थही राहिले.

माझे वडील १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला होते. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी तेथे दीक्षा दिली, हे आपणांस माहीत आहे. आमचे गाव मूलच्या बाजूला, जंगलाला लागून. तेथून मंडळी बैलगाडीने गेली होती. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि परत येऊन दुसऱ्याच दिवशी घरातला देव गावतळ्यात शिरवला. आजीने तोंडाला पदर लावला, पण ती काही बोलली नाही. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे मी जन्मानेच बौद्ध.

मी आठ वर्षांचा असताना माझ्या धाकट्या बहिणीला ताप आला. उन्हाळा संपत आलेला, पाऊस अजून यावयाचा होता. पहिल्या दोन दिवसांत कोणाला काही वाटले नाही. तिसऱ्या रात्री ताप वाढला आणि घरामागच्या पडीतून टिटवी ओरडू लागली. सारखी ओरडत होती. थोडी थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. आजी उठून बसली आणि म्हणाली, "वरडून रायली पाय. बोलावनं आलं पोरीले." आईने बैलगाडी जुंपावयास सांगितले होते. दवाखाना दूर, रस्ता जंगलाचा, रात्र अंधारी. ही कारणेही खरीच होती. पण त्या कारणांवर आजीचे वाक्य येऊन बसले आणि गाडी जुंपली गेली नाही. सकाळी बघू, असे ठरले. वडील बाजेवर बसून राहिले. चांद्याला जाऊन आलेला तो माणूस त्या रात्री एक शब्द बोलला नाही.

पहाटे बहीण गेली.

रात्रीच निघालो असतो तर ती वाचली असती, असे मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण सकाळी मोठी माणसे तिला घेऊन गेली तेव्हा मी पडीत गेलो. टिटवी माझ्या डोक्यावरून किंचाळत फिरू लागली. मला खड्यांच्या मधोमध तिची चार अंडी सापडली, मातकट, काळ्या ठिपक्यांची. मी ती पायाने फोडली. चारही. मला वाटले, मी बहिणीचा सूड घेतला. पुढे पुष्कळ वर्षे मी हे कोणाला सांगितले नाही.

आता ताडोबाची गोष्ट सांगतो. ताडोबा आम्हां चांद्याच्या माणसांना परका नाही. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातले ते सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. पुढे १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभ्याचे क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास. नाव गोंड बांधवांच्या देवावरून पडलेले. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना पडला आणि तलावाकाठी त्याचे ठाणे झाले, अशी त्यांची कथा आहे. आपल्यापैकी जे संघारामगिरीला जातात त्यांनी या जंगलाची कड पाहिलेली असते. आमची आजी-आजोबांची पिढी या रानात बांबू तोडावयास, मोहफुले वेचावयास, तेंदूपाने खुडावयास जात असे. त्याआधीच्या काळात साहेबाची किंवा जमीनदाराची शिकार निघाली की हाका घालावयास आमचीच माणसे असत. ढोल बडवीत वाघाच्या अंगावर चालून जावयाचे आमच्या माणसांनी, आणि मचाणावर बसून बंदूक झाडावयाची दुसऱ्याने. मौज म्हणून जंगल बघावयास जाणे हे आमच्या घराण्यात कोणाला सुचलेच नसते.

मी प्रथम गेलो तो सत्तरीच्या उंबरठ्यावर, मे महिन्यात, नातीच्या हट्टाने. जिप्सीचे भाडे ऐकून जीव दडपला. त्या पैशांत शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी निघते. बरोबर वाटाड्या म्हणून जवळच्याच गावचा एक गोंड तरुण होता. सकाळच्या गारव्यात आम्ही आत शिरलो. साग निष्पर्ण, बांबूची बेटे पिवळी पडलेली, आणि त्या उजाड रानात पाखरांचा नुसता बाजार. हळद्या पाहिला. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक पाण्यावर झेपा घेताना पाहिला. राखी धनेशाची जोडी उंबरावर होती. सर्पगरुड वाळलेल्या फांदीवर बसून आमच्याकडे असा पाहत होता की तपासनीस आम्ही नसून तोच आहे. नवरंग मात्र दिसला नाही. तो पावसाच्या तोंडाशी विणीसाठी येतो, असे वाटाड्या म्हणाला. नातीने वहीत सारी नावे लिहिली.

तेलिया तलावाच्या बाजूला पोहोचलो तोच टिटवी ओरडली.

वाटाड्याने हात वर केला. चालकाने इंजिन बंद केले. मागून दोन, मग चार गाड्या येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांचे चेहरे एकदम ताठ झाले. "गुरुजी, टिटवी बोलते आहे. काहीतरी चालते आहे तिकडे," तो हळूच म्हणाला. मला आजी आठवली. तीच टिटवी, तसेच कान टवकारलेले लोक, तोच श्वास रोखणे. आमच्या घरात त्या ओरडण्याचा अर्थ मरण असा होता. येथे अर्थ वाघ असा होता. माणसे दोन्हीकडे सारखीच बसलेली होती.

दहा मिनिटे गेली. वाघ आला नाही. गवतातून एक घोरपड निघाली, जीभ लपलपवीत, पाण्याच्या कडेने सरकत. दोन टिटव्या तिच्या डोक्यावर झेपावत होत्या. "हात्, घोरपड!" असे कोणीतरी म्हणाले, आणि एकामागून एक गाड्या निघून गेल्या. आम्ही थांबलो. वाटाड्याने दुर्बीण माझ्या हाती दिली आणि बोट केले. खड्यांमध्ये अंडी होती. मातकट, काळ्या ठिपक्यांची.

हा पक्षी कसा जगतो ते ऐका, कारण आपण आयुष्यभर त्याला भ्यालो पण त्याच्याकडे पाहिले नाही. टिटवी झाडावर घरटे करीत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या आधाराने ती बहुधा चार अंडी घालते. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत हा तिचा विणीचा काळ. उन्हाने तापलेल्या जमिनीवर अंडी शिजून जाऊ नयेत म्हणून ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसते. तिला ना काटेरी झुडपाचा आडोसा, ना उंच फांदीचे संरक्षण. अंड्यांचा रंग आणि स्वतःचा आवाज एवढीच तिची शस्त्रे. म्हणून कुत्रे असो, मुंगूस असो, गाय असो, वाघ असो की माणूस असो, कोणीही जवळून गेले की ती ओरडते. रात्रीही ती जागी असते, म्हणून रात्रीही ओरडते. वाटाडे तिच्यावरून वाघाचा माग काढतात ते याच कारणाने, आणि पुष्कळदा त्यांचा अंदाज खरा ठरतो.

दुर्बीण डोळ्याला लावलेली असतानाच माझ्या मनात ती रात्र उलगडली. आमच्या घरामागची पड आणि आमची विहीर एकाच वाटेवर होती. बहिणीच्या कपाळावर ठेवावयाच्या पट्ट्यांसाठी आई रात्रभर त्या वाटेने पाण्याला जात होती. शेजारीण कंदील घेऊन येत होती, जात होती. एरवी रात्री त्या वाटेने कोणी फिरकत नसे. टिटवीने अंडी घातली होती ती वाटेपासून चाळीस पावलांवर. आम्ही तिच्या अंड्यांजवळून दिवा घेऊन सारखे ये-जा करीत होतो, म्हणून ती ओरडत होती.

बंधुभगिनींनो, म्हणजे काय झाले पाहा. टिटवी ओरडली म्हणून बहीण गेली नाही. बहीण आजारी होती म्हणून टिटवी ओरडली. आम्ही कार्य पाहिले आणि त्याला कारण समजलो. ज्या घरात दुखणे असते त्या घरात रात्री दिवे हलतात, माणसे बाहेर पडतात, आणि जवळ टिटवी असेल तर ती ओरडते. म्हणूनच हा शकुन पिढ्यान् पिढ्या 'खरा' ठरत आला. आजी खोटे बोलत नव्हती. तिने आयुष्यभर जे पाहिले होते तेच ती सांगत होती. तिचे ऐकणे बरोबर होते, जोडणे उलटे होते. भगवंतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकवला तो आपण विहारात पाठ म्हणतो. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. त्या बारा कड्या मला तोंडपाठ होत्या. पण आमच्या विहिरीच्या वाटेवरची एक कडी मला साठ वर्षे दिसली नव्हती.

अंधश्रद्धा म्हणजे अडाणीपणा असे आपण पटकन म्हणून मोकळे होतो आणि आपल्याच आजी-आजोबांना हसतो. मला आता तसे हसवत नाही. अंधश्रद्धेत पाहणे असतेच. तेथे पाहणे मध्येच थांबलेले असते. आजी उठून पडीत गेली असती, कंदील खाली धरून वाकली असती, तर तिलाही अंडी दिसली असती. ती गेली नाही, कारण अर्थ तिला आधीच मिळाला होता. ज्याला अर्थ आधीच मिळालेला असतो तो पाहावयास जात नाही. भगवंतांनी केसपुत्ताच्या कालामांना जे सांगितले, की परंपरेने आले म्हणून मानू नका, ते मला आता या वाकून पाहण्यासारखे वाटते. जसे आहे तसे पाहणे याला आपण यथाभूत दर्शन म्हणतो. शब्द भारी आहे. काम मात्र कंदील खाली धरण्याचे आहे.

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, मग झाले तर. टिटवी का ओरडते ते कळले, भीती गेली, प्रश्न मिटला. मलाही तसेच वाटले असते. परंतु त्या निघून गेलेल्या गाड्या माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात. त्या गाड्यांतली माणसे शिकलेली होती. टिटवी का ओरडते ते त्यांना ठाऊक होते. त्यांच्या मनात कसलीही भीती नव्हती. तरीही समोर दोन मुठींएवढे पाखरू आपल्याहून कितीतरी मोठ्या घोरपडीच्या अंगावर जात होते, ते त्यांना दिसले नाही. त्यांच्या लेखी टिटवी म्हणजे वाघाची चिठ्ठी. चिठ्ठी खोटी निघाली, फेकून दिली. आता मला सांगा, आमची आजी आणि ती मंडळी यांत फरक किती? आजीला टिटवीत स्वतःच्या घरावरचे संकट ऐकू आले, त्यांना स्वतःचे नशीब ऐकू आले. दोघांनीही टिटवीला विचारले ते एकच, माझे काय? अज्ञान गेले तरी तृष्णा राहिली तर डोळ्यांवरचा पडदा बदलतो, दूर होत नाही.

आणि ही तृष्णा निरुपद्रवी नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपल्याच विदर्भात, उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात, पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांत एकाच्याही हाती बंदूक नव्हती. आम्ही फक्त पाहत होतो, असे त्यांतला प्रत्येक जण म्हणेल. पण हाका घालणाऱ्यांनी वाघाला घेरावे आणि पाहणाऱ्यांनी वाघाला घेरावे, यांत कोंडीत सापडलेल्या जनावराच्या दृष्टीने काय फरक पडतो?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या बाळपणीचा एक प्रसंग दिला आहे. देवदत्ताने पाखराला बाण मारला, सिद्धार्थाने ते वाचवले, आणि पाखरू कोणाचे यावर वाद झाला, ही गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते. पण त्याच भागात आणखी एक लहानसा प्रसंग आहे, तो आपण वगळून पुढे जातो. मित्र सिद्धार्थाला शिकारीस बोलावतात. तो नाही म्हणतो. मग ते म्हणतात, मारू नकोस, आमचा नेम कसा आहे ते नुसते पाहावयास तरी ये. तो त्यालाही नकार देतो. मी हा प्रसंग अनेकदा वाचला होता, पण 'नुसते पाहावयास' या मुद्द्यावर कधी थांबलो नव्हतो. नुसते पाहणे म्हणून जगात काही नसते, असे त्या मुलाला वाटले असावे. आपण काय पाहतो, कोणाबरोबर पाहतो, आणि आपण पाहतो म्हणून समोर काय घडते, याची जबाबदारी पाहणाऱ्यावर येते.

याच्या उलट वाटेने आलेला एक माणूसही सांगण्यासारखा आहे. सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती हे विचारावयास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथून त्यांचे सारे आयुष्य पाखरांकडे वळले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरूनच नाव दिले. मारलेल्या पाखराबद्दल तो मुलगा विचारावयास गेला. मी चार अंडी फोडली आणि कोणालाच काही विचारले नाही. असो.

आपण म्हणाल, ही पाखरे बघण्याची कल्पना आमच्या परंपरेत कोठे आहे, ही तर साहेबलोकांची चैन. तर सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख कोणाकडून तरी वाचून घ्या. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर त्याने अवध्य प्राण्यांची यादी कोरवली. पोपट आहे, मैना आहे, चक्रवाक आहे, हंस आहे, पांढरी कबुतरे आहेत, गावातली कबुतरे आहेत, वटवाघूळही आहे. काही नावे अशी आहेत की तो प्राणी कोणता यावर विद्वान अजून भांडतात. यादीच्या शेवटी जे चतुष्पाद उपयोगाला येत नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत त्यांनाही अभय आहे. ज्यात जीव आहेत असा भुसा जाळू नये, विनाकारण किंवा जीवहत्येसाठी वणवा लावू नये, हेही त्यात आहे. मला या लेखात अहिंसेइतकीच दुसरी एक गोष्ट दिसते. ही यादी करण्यासाठी राज्यात कोणीतरी पाखरे निरखून पाहिली होती. नाव ठाऊक नसलेल्या जिवाला अभय कसे देणार?

वर्षावासाचेही तसेच. भिक्खू पावसाळ्यात भटकतात, हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, पाखरेसुद्धा पावसात घरटी करून एका जागी राहतात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि भगवंतांनी वर्षावासाचा नियम घातला, असे विनयपिटकात आहे. विचार करा. संघाच्या एवढ्या मोठ्या नियमामागे पाखरांचा दाखला आहे, आणि तो दाखला भिक्खूंनी दिलेला नाही, साध्या लोकांनी दिलेला आहे. आज ताडोबाचा गाभा पावसाळ्याचे महिने पर्यटकांना बंद असतो. तेथील दाराशी उभे राहून मला हा नियम आठवला.

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे येतो. तो मला आमच्याच गावच्या एका बाईने घातला. मी विहारात टिटवीची ही हकीकत सांगितली तेव्हा ती मागून उठून म्हणाली, "गुरुजी, तुमची टिटवी बरी. आमच्यावर वाघ येते, त्याचं काय?" ती दर उन्हाळ्यात तेंदूपानाला जाते. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुले वेचताना, पाने खुडताना, गुरे चारताना वाघाच्या हल्ल्यात माणसे मरतात. ही माणसे आपलीच असतात, नाहीतर गोंड-माना बांधव असतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबातच व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. बोटेझरी, जामणी, नवेगाव ही गावे जंगलातून उठवून बाहेर वसवली गेली. वाघाच्या दर्शनाचे पैसे देणारा गाडीत बसलेला असतो. वाघाच्या असण्याची किंमत देणारा पायी चालत असतो. हे मी त्या बाईसमोर कबूल केले, कारण ते खरे आहे. जो या अन्यायाबद्दल गप्प राहून नुसती प्राणिमात्रांवर दया करा म्हणतो, त्याची दया गाडीत बसलेली आहे.

परंतु बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ लावताना एक भेद केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी म्हटले. अहिंसेला त्यांनी आंधळा नियम मानले नाही; ते तत्त्व आहे आणि तत्त्व माणसाला विचार करावयास मोकळीक देते. माणसावर वाघ धावून आला तर त्याने हातातली कुऱ्हाड टाकून द्यावी, असे धम्म सांगत नाही. माझ्या आठ वर्षांच्या पायाखाली जी अंडी फुटली तेथे मात्र कसली गरज होती? तेथे नुसती इच्छा होती, आणि ती इच्छा एका खोट्या अर्थातून जन्मली होती. त्या बाईला मी एवढेच म्हणालो की, वाघाविषयी तू सरकारशी भांड, सोबतीशिवाय रानात जाऊ नकोस, नुकसानभरपाईचा अर्ज लिहावयाचा असेल तर मी लिहून देईन. ती म्हणाली, "आनि टिटवी?" मी म्हणालो, रानात ती ओरडली तर थांब. ती तुझ्यासाठी ओरडत नसते, पण तुझ्या उपयोगी पडेल. बाई हसली. ते तिला माझ्याआधीपासून ठाऊक होते.

आपल्यापैकी फार थोड्यांना ताडोबाला जाणे परवडेल, आणि जावेच असा माझा आग्रहही नाही. आपल्या गावाला तळे असेल. शहरात असाल तर नाल्याच्या कडेला, रेल्वेच्या पडीत जमिनीवरही टिटवी असते. रविवारी विहारातून परतताना मुलांना तेथे न्या. दुर्बीण नसली तरी चालेल. लांब उभे राहा, कारण जवळ गेलात तर ती ओरडेल आणि तिचे अंड्यांवरून उठणे उन्हात अंड्यांना महागात पडते. पिंगळ्याने उंदीर-किडे मारून आपले किती धान्य राखले ते मुलांना सांगा. भारद्वाज दुसऱ्या पाखरांच्या घरट्यातली पिले खातो, तेही सांगा. म्हणजे त्याचे शुभपण आपोआप उतरेल आणि तरीही तो देखणाच राहील. मुलांनी नाव विचारले आणि आपणांस आले नाही तर नाही येत म्हणा.

माझी आई आता नव्वदीच्या जवळ आहे. तिला कमी दिसते, पण कान शाबूत आहेत. ताडोबाहून आल्यावर मी तिला विहिरीच्या वाटेची गोष्ट सांगितली, आणि अंड्यांचीही सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "म्हनजे मी पान्याले जात होती म्हनून?" मी हो म्हणालो. मला वाटले, हे सांगून मी चूक केली. त्या रात्री तिला झोप लागली नसावी.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा पडीत टिटवी ओरडू लागली. मध्यरात्र असेल. माझ्या छातीत नेहमीप्रमाणे धस्स झाले. पलीकडच्या बाजेवरून आईचा आवाज आला, "कोन चालून रायलं रे तिकडं? जाऊन पाय." मी बॅटरी घेऊन गेलो. शेजाऱ्याचे वासरू दावे तोडून पडीत शिरले होते. मी ते धरून आणून बांधले. आत येईपर्यंत टिटवी गप्प झाली होती, आणि आई झोपली होती.